रेलो राहिला

सूर्यफुलाच्या बियांची टरफले. खारट आणि थुंकीने ओली.

भिंतीवर रंगवलेला, एका पायावर उभा असलेला बगळा.

"अरे, निदान एक तरी मासा पकडा रे!"

लोखंडी मोजपट्टी सर्रकन मागे जाते तो आवाज.

फोनवर एका आईचा प्रश्न : "आजही हरलात?"

होडी बांधणाऱ्याने बांधलेली, पण कधीच पाण्यात न गेलेली एक वस्तू.

ती वस्तू म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पोर्ट हॅलोवेच्या बेसबॉल मैदानात, यजमान संघाच्या डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या छपराखालच्या जागेत, माझे सगळे आयुष्य गेले. आता मी मैदानामागे, बर्फ सारणाऱ्या गाड्यांच्या शेडशेजारी पडून आहे. पण सुरुवातीपासून सांगतो.

मला ज्याने बनवले तो सरोवराकाठी होड्या बांधत असे. बाक कसा असतो हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने ओक लाकडाच्या तीन लांब फळ्या घेतल्या, दोन बसायला आणि एक टेकायला, आणि सवयीने माझी दोन्ही टोके होडीसारखी वर वळवली. मला बसवायला आलेले मजूर हसू लागले. तो म्हणाला, "हसा. पण बसणारा पाण्यात पडणार नाही, एवढी हमी माझी."

त्याचे शब्द खरे ठरले. पाण्यात कोणी पडले नाही. बाकी सगळीकडे पडले.

आमच्या संघाचे नाव बगळे. हे नाव कोणी आणि का ठेवले ते मला माहीत नाही, पण पाहुण्या संघांनी ते ठेवणाऱ्याचे फार आभार मानले असतील. डगआउटच्या छपरावर, माझ्या डोक्यावरच, मिसेस डॅनफर्थ नावाच्या बाईंची खुर्ची होती. आम्ही मागे पडलो की त्या ओरडत, "एका पायावर काय उभे राहिलात? दुसराही टेकवा आणि पळा!" त्या रागावत, शिव्या देत, टोपी आपटत. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

मित्रांनो, बाकाच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. जिंकणारा संघ बसत नाही. तो पुढच्या कठड्याला चिकटून उभा राहतो, ओरडतो, उड्या मारतो. बसतो तो हरणारा संघ. आधी एक जण बसतो, मग दोघे, सातव्या डावापर्यंत सगळे, आणि नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात सगळे मागे टेकून छताकडे बघत असतात.

म्हणजे माझा संघ जितका वाईट, तितकी मला माणसे जास्त. हे मी कोणाला कधी बोलून दाखवले नाही.

*

उजवीकडचे टोक पुचचे होते. त्याचे पूर्ण नाव लायल पुचाल्स्की. तरुणपणी तो याच संघात खेळाडू म्हणून आला आणि मैदानापेक्षा माझ्यावरच जास्त राहिला. खेळणे संपले तेव्हा त्याला फलंदाजीचा प्रशिक्षक केले. टरफले त्याचीच. तो बिया खाई, टरफले माझ्या पायाशी थुंके आणि सामना संपल्यावर स्वतः झाडू घेऊन गोळा करी. दर वसंतात मला हिरवा रंग देताना तो रंगाऱ्यावर खेकसे, "जाड नको रे लावू! लाकूड आहे ते, तुझी सासू नाही."

एका वसंतात ऑरेलिओ बेनावेंते आला. सान्तो दोमिंगोजवळच्या एका गावचा, काटकुळा, मोठ्या कानांचा. सगळे त्याला रेलो म्हणत. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये तो उभा राहायचा आणि त्याच्या बाजूला गेलेला चेंडू त्याला चुकवून मागच्या गवतापर्यंत पोचायचा नाही. त्याची बॅट लागली की मिसेस डॅनफर्थ आधी गप्प होत आणि मग ओरडत. त्या एका क्षणाच्या शांततेवरून मला कळे, की चेंडू सरोवराकडे निघाला आहे.

सामना चालू असताना तो कधी बसत नसे. सगळा संघ माझ्यावर ओळीने कोसळलेला असे आणि रेलो एकटा कठड्यापाशी उभा. मला त्याची फक्त पाठ दिसे. त्या पाठीवर माझा जीव होता.

पुचने त्याला घडवले. रोज सकाळी, मैदानात कोणी नसताना, दोघे येत. "बॅट फिरवताना खांदा लवकर उघडतोस, पोरा." "उघडत नाही, म्हातारबा. तुमचा चष्मा बदला." "चष्मा ठीक आहे. तुझे कान मध्ये येतात." असे चालायचे. रेलो त्याला म्हातारबाच म्हणे.

*

मग ते वर्ष आले. रेलोचा करार संपत आला होता. मोठ्या शहरांचे संघ त्याच्यावर डोळा ठेवून होते. गावात तीच चर्चा. न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, मासळीच्या दुकानात एकच प्रश्न : हा पोरगा आमच्या हरणाऱ्या संघात आयुष्य काढेल का? आणि त्याने काढावे का?

माझ्यातही मतभेद होते. खोटे वाटेल, पण तीन फळ्यांचे एकमत क्वचितच होते.

पुढची फळी : राहू दे त्याला. इथे तो देव आहे, तिथे दहांतला एक होईल.

मागची फळी : आणि इथे? देव होऊन रोज हरायचे?

पुढची : गावाने त्याला प्रेम दिले.

मागची : गावाने मलाही च्युइंगगम दिले, खालून चिकटवून.

टेकायची फळी : मला विचाराल तर जाऊ दे. तो माझ्यावर कधी टेकलासुद्धा नाही.

पुढची : म्हणूनच तर राहायला हवा!

शेवटी तिघींनी मिळून ठरवले की तो राहावा. आमच्या ठरवण्याने काय होते? पण ठरवले.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी सरावानंतर रेलो आला आणि पुचच्या शेजारी बसला. पलीकडे आमचा कॅचर टिब्स गुडघ्यांना बर्फ लावत होता.

"आई रोज फोनवर विचारते, आजही हरलात?" रेलो म्हणाला. "काय सांगू तिला?"

"सांग, कालच्यापेक्षा कमी हरलो."

"म्हातारबा, मी थट्टा करत नाहीये. राहू की जाऊ?"

पुचने बिया चावणे थांबवले. "मला विचारशील तर मी राहाच म्हणणार. मला दुसरे काही येतच नाही. पण राहायचेच असेल तर असाच राहू नकोस. आज ते सगळे तुझ्या तोंडाकडे बघतायत. एकदा सही केलीस की कोणी बघणार नाही. आत्ता मागून घे."

"काय मागू?"

"जे जे तुला हरवते, ते सगळे काढून टाकायला सांग."

"म्हणजे टिब्सला?"

"ए, मी ऐकतोय हं!" टिब्स ओरडला, आणि तिघेही खो खो हसले. मीही हसलो, माझ्या परीने. म्हणजे थोडा करकरलो.

*

रेलो राहिला.

ऑगस्टमध्ये, भर दुपारी, मैदानाच्या मधोमध उभे राहून त्याने ते जाहीर केले. लांब मुदतीचा करार, निवृत्तीपर्यंत इथेच. संघाचा व्यवस्थापक थॉर्नबरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. रेलो माइकमध्ये म्हणाला, "हे माझे घर आहे. घर सोडून कोणी जाते का?" मिसेस डॅनफर्थ छपरावर पाय आपटून रडल्या. पुच कठड्यापाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या दिवशी माझ्यावर एकही माणूस बसला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचे वाईट वाटले नाही.

पुढच्या आठवड्यात थॉर्नबरी एका कंत्राटदाराला घेऊन आला. मोजपट्टी सर्रकन माझ्या अंगावरून गेली.

"हे सगळे निघेल," थॉर्नबरी म्हणाला. "गाद्यांचे नवे बाक हवेत. थंडीत गरम, उन्हात गार. बेनावेंतेची अट आहे."

"आणि हा? लाकूड चांगले आहे."

"लाकूड चांगले असेल, पण यावर बसून आम्ही हरलोय."

मित्रांनो, मी ते ऐकले आणि माझा विश्वास बसला नाही. वाटले, थॉर्नबरीच काहीतरी स्वतःचे रेटत असेल. रेलो असे कसे मागेल? मग मला पुचचे शब्द आठवले, आणि विश्वास बसला.

माझे एक वेळ जाऊ द्या. मी लाकूड आहे. पण सप्टेंबरच्या अखेरीस एका सामन्याआधी टिब्स आला आणि बुटाची नाडी बांधायचे निमित्त करून कठड्याशी उभ्या असलेल्या रेलोजवळ वाकला.

"पुचचे कळले तुला?"

"हं."

"सगळे प्रशिक्षक नवे आणतायत. थॉर्नबरी म्हणाला, तुझ्याशी बोलूनच ठरलंय."

"मी त्याचे नाव घेतले नाही, टिब्स. शपथ."

"काढायला, की ठेवायला?"



"दोन्हीला," तो म्हणाला.

टिब्सने दुसरी नाडी बांधलीच नाही. उठून निघून गेला.

*

शेवटचा सामना आम्ही हरलो. लोक पांगले, दुपारचे ऊन अजून मैदानावर होते. पुच आपल्या टोकाला येऊन बसला. त्या दिवशी त्याने बियांची पिशवी उघडली नव्हती. रेलो कठड्याला टेकून उभा होता, पाठ आमच्याकडे.

"पोरा," पुच म्हणाला, "बसतोस जरा?"

"नको, म्हातारबा. पाय अवघडलेत."

अवघडलेले पाय घेऊन माणूस बसतो, मित्रांनो. उभा राहत नाही. एवढे वय झाले माझे, मला एवढे तरी कळते.

पुचलाही कळले. तो माझ्यावर तळहात टेकून उठला. "बरे. उभाच राहा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. "जिंकणारे उभेच असतात. आणि खांदा सांभाळ."

रेलो वळला तेव्हा पुच डगआउटमागच्या बोगद्यातून खेळाडूंच्या खोलीकडे गेला होता. मग तोही गेला, माझ्याकडे न बघता.

ऑक्टोबरात मला उखडले. बसायच्या दोन्ही फळ्या करवतीने कापल्या, तळहाताएवढे तुकडे केले, प्रत्येक तुकड्यावर रेलोची सही घेतली आणि मैदानाच्या दुकानात विकायला ठेवले. एक तुकडा मिसेस डॅनफर्थनी घेतला असे ऐकतो. टेकायची फळी तेवढी राहिली, कारण तिला तडा गेला होता. मी तुमच्याशी बोलतो आहे तो त्या एका फळीतून.

खरे तेच सांगतो. बगळे आता जिंकतात. इथपर्यंत ओरडा ऐकू येतो. रेलोने मागितले ते चुकीचे मागितले असे म्हणायची माझी हिंमत नाही. हरणाऱ्या घरात राहायचे तर घर बदलावेच लागते, हे त्याला पुचनेच शिकवले होते. तो गेला असता तर मी रडलो असतो आणि विसरलो असतो. तो राहिला, आणि त्याच्या राहण्यात आम्ही दोघे गेलो. हे विसरता येत नाही.

म्हणून तुम्हाला एवढीच विनंती. मोडके बदला, जुने काढा, नवे आणा. पण ज्याच्या आधाराने उभे राहिलात त्याला काढायचे असेल, तर त्याच्यापाशी जाऊन स्वतः सांगा. पाठ फिरवून नका सांगू, दुसऱ्याच्या तोंडून नका सांगू. जरा वेळ त्याच्या शेजारी बसा. बसायला काहीच लागत नाही.

रेलो पहिल्यांदा आला त्या सकाळी पाऊस पडून गेला होता, आणि त्याने आपल्या कोऱ्या शर्टाच्या बाहीने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून आधी पुचला बसवले होते.