कुंताचे उपास

"पदर नीट घे कुंता, अंगानं भरून राह्यली तू. दोन घास कमी खात जाय."

हा आवाज माझाच. रोवण्याचे दिवस होते आणि माझी भाची बांधीत ओणवी होऊन धान रोवत होती. मी हळूच म्हटलं, तरी जवळच्या बाया हसल्या. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभे असलेले गुणवंतरावही हसले.

गुणवंतराव माझे मानलेले भाऊ. चातुर्मासात देवळातली पोथी तेच वाचत, आणि पोथी वाचणाऱ्याच्या घरी दर सोमवारी शिधा पोचवायचा हा माझा नेम. त्या सोमवारी माझी कंबर धरली होती, म्हणून टोपली कुंताच्या डोक्यावर दिली. त्यांच्या घरच्या बाया रोवण्याला गेल्यात हे मला ठाऊक होतं. मनात काही आलं नाही. भाऊ होते ना ते.

ती परतली ती लुगड्यासकट तलावात बुडून. पाय घसरला म्हणाली. टोपली कुठाय, एवढंच मी विचारलं.

तेव्हापासून तिनं सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवारही. एकोणीस वर्षांची पोर माझ्या वळणावर गेली म्हणून मला किती बरं वाटलं. शेजारची सुगंधाबाई म्हणाली, आत्याच्या वर गेली ही, आता हिच्याच पाया पडावं. बाया पडल्याही. जेवायच्या दिवशी ती भात चिवडायची, कधी गोठ्यामागे जाऊन ओकायची. मी पित्त समजून सुंठ दिली. जुन्या धोतराची पट्टी छातीवर आवळायची, ती मला तिची लाज वाटली. पाळी थांबली तेव्हा मात्र घाबरून तिचं पोट पाहिलं. पोट नव्हतंच, नुसत्या फासळ्या होत्या. मी देवाचे आभार मानले.

कार्तिकात पोथीची समाप्ती आली. त्या दिवशी वाचणाऱ्याचे पाय व्रत धरलेल्या पोरीनं धुवायचे, अशी आमच्याकडे रीत. आदल्या दिवशी मी घासलेला तांब्या कुंतापुढे ठेवला.

"त्याचे पाय म्या धुवाचे?" ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं, टोपली खाली ठेवल्यापासूनचं. ती रडली नाही. मीच रडू लागले.

"तो म्हणे, तुही आत्याच म्हणते ना, भरून राह्यली म्हणून. उपास नोयते ते, आत्या. भूक लागते मले. पण खाल्लं का हे अंग परत येते."

काय केलं म्हणजे खाशील, मी विचारलं.

"त्याले पोथीवरून उठव. सगळ्यायसमोर. काऊन उठवलं, तेही सांग."

गाव तुलाच बोल लावेल, असं मी म्हणाले.

"आता माह्या पाया पडते, ते बरं हाये का?"

गळ्यातल्या माळेवर हात ठेवून मी हो म्हटलं. माझा आवाज कधी शेजारच्या घरात गेला नाही. जन्मभर त्याचंच कौतुक झालं.

सकाळी पेज शिजवली आणि झाकून तिच्याजवळ ठेवली. ती झाकणाकडे पाहत बसली. देवळातून गुणवंतरावांचा गोड आवाज येऊ लागला होता. तांब्यातलं पाणी मी तुळशीला घातलं, आणि रिकामा तांब्या घेऊन देवळाकडे निघाले.