मामांचं माप

लिव्हर पार थकल्यापासून मामांच्या पोटात पाणी साठायचं. डॉक्टरांनी भाचीला बजावलं होतं, "रोज घेर मोजा. वाढला की लगेच घेऊन या."

पण मामा पडले शिंपी! टेप लावली की पोट आत ओढून उभे राहायचे. दवाखाना नको ना!

भाचीला त्यांचं दुकान आठवलं. गिऱ्हाइकं अशीच पोट चोरायची, तेव्हा मामा त्यांना गप्पांत गुंतवून माप घ्यायचे.

"मामा, माझा पहिला फ्रॉक कसा होता हो?"

"पिवळा! फुग्याच्या बाह्यांचा. घातलास आणि दुकानभर गिरक्या घेत सुटलीस..." मामा रंगले, श्वास सुटला. टेप कालच्यापेक्षा दोन इंच पुढे गेली.

मामांनी आकडा पाहिला, मग तिच्याकडे.

"हात बसलाय गं तुझा," ते म्हणाले. "चल, गाडी बोलाव."