दिवाळीनंतरचे धडे

सत्यशीलाला गणित येत होतं, पण फक्त दिवाळीपर्यंतचं.

ही गोष्ट तिला स्वतःला कळली ती त्रेचाळिसाव्या वर्षी. नेकनूरच्या पुढं आत वळलं की लागणाऱ्या गावात ती शाळेचा पोषण आहार शिजवायची. एकदा खिचडी उरकून भांडी ठेवायला कोठीत गेली, तर कोपऱ्यात जुन्या पुस्तकांचा ढीग रद्दीला काढून ठेवलेला. चौथीचं गणित हाताला लागलं म्हणून तिनं चाळलं. पहिली पन्नासेक पानं ओळखीची. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, सगळं येतंय. आणि मग एका पानानंतर एकही अक्षर ओळखीचं न्हाई. तिनं पाचवीचं पुस्तक काढलं. तिथंही तेच. सहावीचंही तसंच.

ती तिथंच तांदळाच्या पोत्यावर बसली. लहानपणी दिवाळी झाली की आई-बापाबरोबर तिचंही बिऱ्हाड ट्रकमध्ये चढायचं आणि थेट सांगलीकडं ऊसतोडीला. परत यायचं ते परीक्षेच्या तोंडावर. गुरुजी पुढच्या वर्गात ढकलायचे. सहा वर्षं असं चाललं, मग शाळाच सुटली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपलं डोकंच जाड. आणि इथं तर सरळ दिसत होतं की डोकं जाड नव्हतं, पुस्तकं अर्धी राहिली होती.

शाळेतल्या सायली मॅडमना विचारून तिनं तिन्ही पुस्तकं पिशवीत घातली; पुढच्या इयत्तांचीही मग त्याच आणून देत गेल्या.

तेव्हापासून दुपारी तीन ते पाच ती ओसरीवर वही घेऊन बसायला लागली. अपूर्णांकांनी तिला अकरा दिवस रडवलं. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज ती दोन सप्तमांश करायची. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. अकराव्या दिवशी भाकरी मोडताना तिच्या लक्षात आलं, की दोन सप्तमांश तर एका तृतीयांशापेक्षाही कमी भरतंय. दोन तुकडे एकत्र केले आणि एकापेक्षा लहान झाले? हातातली भाकरी तशीच ठेवून ती वहीकडं गेली.

"येड लागलंय सुनंला," सासू सुंदरबाई शेजारणींना सांगायच्या. पण तीन वाजले की पोरीबाळींना ओसरीवरून हाकलायच्याही त्याच.

नवरा राधाकिशन गवंडी. तो नुसता हसायचा. सत्यशीला सातवीच्या पुस्तकात काटकोन त्रिकोणाशी पोचली, त्या दिवशी मात्र ती पुस्तक घेऊन थेट त्याच्या कामावर गेली.

"अहो, तीन, चार आन् पाच अशा बाजू घेतल्या तर कोपरा बरोबर गुन्यात येतो, काटकोनात! पुस्तकात हाय."

"अगं, मी वीस वर्षं ह्याच मापानं पाया आखतोय," राधाकिशन म्हणाला. "उस्तादानं शिकवलंय."

तिचा चेहरा पडला. ते बघून तो थापी खाली ठेवून जवळ आला. "पर कावून येतो, हे उस्तादाला बी ठाव नव्हतं. तुझ्या पुस्तकात हाय का?"

उरलेल्या चौकोनी फरश्यांचा ढीग तिथंच होता. तिनं तीन-तीनच्या ओळींत नऊ मांडल्या, चार-चारच्या ओळींत सोळा. "आता ह्या सगळ्या उचला आन् एकच चौकोन करा." त्यानं केला. पाच ओळी, प्रत्येकीत पाच. एक फरशी उरली न्हाई, एक कमी पडली न्हाई. राधाकिशननं उकिडवं बसून त्या पंचवीस फरश्या पुन्हा एकदा मोजल्या. दुसऱ्या दिवसापासून तिच्या वहीला रेघा आखून द्यायचं काम त्यानं आपणहून घेतलं.

चार वर्षांत ती दहावीच्या विज्ञानापर्यंत आली. पडणाऱ्या वस्तूचं सूत्र वाचलं आणि तिला भावकीची शेतातली विहीर आठवली. तिचं पाणी किती खोल, यावर मोहनराव आणि रामकिसन या दोन चुलत दिरांचा वर्षानुवर्षं वाद. एक म्हणायचा साठ फूट, दुसरा नव्वद.

रविवारी सकाळी सगळे विहिरीवर जमले. सत्यशीलानं खडा सोडला, राधाकिशननं मोबाईलवर वेळ धरली. दोन पूर्णांक वीस सेकंद. तिनं वहीत मांडलं, मीटरचे फूट केले. पाण्यापर्यंत अठ्ठ्याहत्तर फूट. मग राधाकिशननं दोरीला दगड बांधून ती पाण्याला टेकेपर्यंत सोडली आणि टेपनं मोजली. एकोणसत्तर.

"नऊ फूट चुकलं की वैनी!" मोहनराव हसले. "दोरीच बरी."

सगळ्यांना वाटलं, ती खट्टू होईल. तिला तर कधी घरी जाते असं झालं होतं. नऊ फूट जातील कुठं? दुपारभर ती शोधत होती. नववीच्या पुस्तकात आवाजाचा वेग सापडला. खडा पाण्यात पडल्याचा आवाज वर यायलाही वेळ लागतो, तो तिनं धरलाच नव्हता. तेवढा वजा केला आणि नवातले चार-साडेचार फूट सापडले. बाकीचे काही केल्या मिळेनात.

राधाकिशन शेजारी बसून आकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "ते माझ्याकडं हायत."

"काय?"

"आवाज आला आन् मंग मी बटण दाबलं. माझा अंगठा थोडा मागं राहिला असंल." तो ओशाळला होता. "उद्या धा बारी करू. कधी आधी दाबंन, कधी मागून. सरासरी काढ."

गवंडीकामाचा खाडा करून तो दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर विहिरीवर आला. सुंदरबाईही मागोमाग, "हिरीत किती खडे टाकताव रं, बुजवायची हाय का?" म्हणत. दहा वेळा खडा पडला. सत्यशीलानं सरासरी काढली, आवाजाचा वेळ वजा केला, गुणाकार दोनदा तपासला.

साडेएकोणसत्तर.

"अर्धा फूट!" राधाकिशन एवढ्यानं ओरडला, की पलीकडच्या शेतातून रामकिसननं काय झालं म्हणून हाक दिली. सत्यशीलाला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

सुंदरबाई काठावर हात टेकून खाली बघत होत्या. "सत्यशीले," त्या म्हणाल्या, "मला एक सांग. खाली जाता जाता त्या खड्याचा येग वाढतो म्हनतीस. कावून वाढतो?"

"पृथ्वी वढती म्हणून, आत्या."

"आन् ती कावून वढती?"

सत्यशीलानं हातातली वही मिटली. "ते मला बी अजून कळलं न्हाई."

"मंग बघ की पुस्तकात," सुंदरबाई म्हणाल्या आणि पदर सावरून तिथंच मांडी घालून बसल्या. "मी हाय हितं."