दोन गजांची गिटार

तात्यारावांनी व्यंकटीच्या हातातली गिटार काढून घेतली ती सोनपेठच्या भर बाजारात. बघणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून. तात्यारावांचं काम असंच असे; देणगी द्यायची ती माईकवरून आणि पाणउतारा करायचा तो बाजाराच्या दिवशी. ऑर्केस्ट्रा त्यांचा, टेम्पो त्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर त्यांचा, गिटारही त्यांचीच. बोटं तेवढी व्यंकटीची होती, तीच गिटारीसोबत नेता येईनात.

व्यंकटीचा गुन्हा सगळ्या बाजाराला ठाऊक होता. चौदा एप्रिलला तो भीमनगरात जयंतीच्या स्टेजवर वाजवून आला होता, आसारामच्या ढोलकीसोबत. हा आसाराम आधी तात्यारावांच्याच ऑर्केस्ट्रात होता. नामांतराच्या दंगलीत तात्यारावांनी त्याला सांगितलं, "वातावरण निवळू दे, मग ये." त्याला सात वर्षं झाली. भिंतींवरची 'नामांतर झालंच पाहिजे' ही निळी अक्षरं उन्हानं दोनदा पुसट झाली, पोरांनी दोनदा पुन्हा रंगवली, पण तात्यारावांचं वातावरण काही निवळलं नाही.

व्यंकटी मान खाली घालून घरी आला. त्याची बायको कमलबाई ज्वारी पाखडत होती.

"नेली का?" ती म्हणाली.

"नेली."

"आन् तुमी नेऊ दिली."

"त्यायची हाय, कमल."

कमलबाईनं सूप आपटलं आणि मनातल्या मनात गणित मांडलं. ती कापडवाल्याची लेक. तिचा बाप पाथरीपासून सोनपेठपर्यंतचे बाजार करायचा, आणि माणूस दुकानासमोर उभा राहिला की तो घेणार की नुसता पदर चाचपून जाणार हे लेकीला लहानपणीच कळायला लागलं होतं. व्यंकटी ऑर्केस्ट्रात लागल्यापासून दोघांना ऊसतोडीला जावं लागत नव्हतं. त्याआधी सहा हंगाम तिनं कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत काढले होते. आता लग्नसराई बुडाली म्हणजे दिवाळीनंतर पुन्हा कोयता. एक तर नवऱ्यानं तात्यारावांच्या दारात जाऊन चूक झाली म्हणायचं, नाही तर हातात स्वतःचं वाजवायचं काही तरी पाहिजे.

"माफी मागायला जाणार हाव का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग बनवा."

"काय बनवू?"

"गिटार. तुमचे काका लाकडाचं काम करून मेले. घरात रंधा हाय, पटाशी हाय. भिंतीवर मापं बी हायती."

मापं होती खरी. गिटार घरी असताना व्यंकटीनं कधीतरी हौसेखातर काकाचा गज लावून ती मोजली होती आणि भिंतीवर कोळशानं लिहून ठेवली होती. गजाचे चोवीस तसू. तारेची लांबी अठरा तसू. मानेवर बोटं दाबायची पहिली पट्टी वरच्या टोकापासून एक तसूवर, सातवी सहावर, बारावी बरोबर नऊवर. तात्यारावांनी गिटार नेली. भिंत नेता आली नाही.

धडासाठी जुन्या दाराची सागवानी फळी निघाली. मानेसाठी काकाच्या मोडलेल्या गाडीचं एकच शिसवी लाकूड शिल्लक होतं. पट्ट्यांना सायकलच्या चाकाच्या तारा. तारांचा आवाज उचलायला पाथरीच्या रेडिओवाल्यानं फुटक्या स्पीकरचं चुंबक दिलं, आणि त्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार कमलबाईनं गुंडाळली. "चरख्यावर बसल्यासारखी दिसायलीस," व्यंकटी म्हणाला. "बसले असते तर निदान लुगडं तरी झालं असतं," ती म्हणाली.

मग पट्ट्यांच्या खुणा करायचा दिवस आला. अंगणात दोन दगडांवर शिसवी मान आडवी ठेवली. एका बाजूला व्यंकटी, दुसऱ्या बाजूला कमलबाई. गज इकडून तिकडं द्यायचा तर लाकूड हलायचं, म्हणून कमलबाईनं घरातून दुसरा गज आणला. तिच्या बापाचा, टोकांना पितळ ठोकलेला. लग्नात तिनं तो हट्टानं आणला होता. व्यंकटी भिंतीवरचं वाचून सांगायचा, आपल्या बाजूला सुरीनं खूण करायचा. ती आपल्या बाजूला करायची.

"पाचवी. साडेचार तसू."

"केली."

"सातवी. सहा."

"आधी तुमची तर करा. मी कवाच करून बसले."

खुणा झाल्या. व्यंकटीनं समोरासमोरच्या खुणांवर सरळ काठी ठेवून करवतीनं खाचा पाडायला घेतल्या. पहिल्या दोन-तीन नीट वाटल्या. पुढं त्याचं तोंड उतरत गेलं. सातवी पाडून तो थांबला. मागं सरला, डोकं तिरकं करून पाहिलं. खाचा वर जवळजवळ आडव्या, पण जसजशा धडाकडं याव्यात तसतशा तिरप्या होत गेलेल्या.

"तुला दिसायलंय का न्हाई?" तो म्हणाला. "कुठं खुणा केल्यास?"

"सांगितल्या तिथं."

"खोटं."

तिनं गज लावून दाखवला. सातवी खूण, सहा तसू. त्यानं त्याच्या बाजूला गज लावला. सहा तसू. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, मग दोन्ही गज जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. कापडाचा गज सुताराच्या गजापेक्षा चार बोटं लांब निघाला. तसू दोन्हींत चोवीसच, पण याचा तसू त्याच्या तसूपेक्षा लठ्ठ. निजामाच्या काळात वाण्याचा गज वेगळा, सुताराचा वेगळा. सगळ्या दुनियेला ठाऊक असलेली ही गोष्ट दोन घराण्यांचे वारस अंगणात बसून विसरले होते.

कमलबाईला हसू आलं. ती खांबाला टेकून हसत बसली.

"हस," व्यंकटी म्हणाला. "शिसवी लाकूड दुसरं न्हाई. खाचा खोल गेल्यात. संपलं सगळं."

"काय संपलं?"

"वाकडी झाली, बाई. दिसंना का तुला?"

"तुमच्या बाजूनं तुमचं माप बरोबर हाय का?"

"हाय."

"माझ्या बाजूनं माझं?"

"हाय, पण..."

"मग मधल्या तारांनी काय पाप केलं? तिफण बघितली न्हाई का कधी? वर चाड्यात नळ्या जवळजवळ, खाली फाकलेल्या. पेरणी सरळच व्हती ना?" ती उठली, पदर खोचला. "तारंची लांबी तुमच्या बाजूला तुमच्या अठरा तसूंवर तोडा, माझ्याकडं माझ्या अठरांवर. तारा टेकायची खालची घोडी बी तिरपी बसवा. न्हाई वाजली तर चुलीत घालू, लाकूड कुठं पळून जायलंय."

व्यंकटीला हे पटलं म्हणून त्यानं केलं असं नाही. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं, आणि बायको दारात उभी होती. जाड तारा कमलबाईच्या बाजूला आल्या, लांबीला जास्त. बारीक तारा त्याच्या बाजूला, आखूड. त्यानं तारा पिळल्या, सुरात लावल्या आणि एकेका पट्टीवर बोट ठेवत खालपर्यंत गेला. मग पुन्हा वर आला. सूर कुठंच घसरला नाही. सगळ्यात जाड तार, जी तात्यारावांच्या गिटारीत ओल्या गोणपाटासारखी ढिली वाजायची, ती इथं टणक बोलली. लांब होती ना, ताण बसला.

तो पुन्हा पुन्हा तीच जाड तार छेडत राहिला.

"माझ्या बापाची बाजू हाय ती," कमलबाई म्हणाली. "कापड वोढून मोजायची सवय त्यायला न्हवती."

गावात बातमी जायला वेळ लागला नाही. येईल तो माणूस मान तिरकी करून बघायचा. कुणी म्हणे गिटारीला वारं गेलंय, कुणी म्हणे दारू पिऊन बनवली असंल. व्यंकटी पहिल्यांदा लाजायचा, पट्ट्या हातानं झाकून बसायचा. कमलबाईनं त्याचा हात बाजूला केला. "झाकायला ती काय उघडी पडली का?" तिनं विचारलं. त्यानंतर त्यानं झाकणं सोडलं.

दसरा आठवड्यावर आला. भीमनगरात धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम ठरला. आसाराम येऊन सांगून गेला. "तुझ्यावर जबरदस्ती न्हाई, व्यंकटी," तो जाताना म्हणाला. "माझं गेलेलंच हाय. तुझं अजून जायचंय."

आणि दसऱ्याच्या दोनच दिवस आधी तात्याराव स्वतः घरी आले. चहाला नको म्हणाले नाहीत, यावरूनच कमलबाईनं ओळखलं की माणूस गरजेनं आलाय. तुळशीच्या लग्नानंतर सराई लागणार होती आणि नवा गिटारवाला, कुठल्याशा कॉलेजातला पोरगा, गाण्याच्या मध्येच थांबून घाम पुसायचा, हे तिच्या कानावर होतं.

तात्यारावांनी गिटार मांडीवर घेतली आणि दोन बोटांनी उचलल्यासारखी परत ठेवली.

"व्यंकट्या, वाकडं झालं रे हे."

"व्हय, मालक."

"हरकत न्हाई. आपली गिटार हाय की. सराई तुझीच. बायकोला ऊस तोडायला लावणार हाईस का आता? फक्त परवा तिकडं जाऊ नको. आन् हे सामान," त्यांनी हनुवटीनं दाखवलं, "लोकायला दाखवू नको. आपल्या ऑर्केस्ट्राचं हसं व्हतंय."

व्यंकटीनं खाली पाहिलं. कमलबाईला त्याची मान ओळखीची होती. बाजारातून आला त्या दिवशीही ती अशीच होती. हा आता 'व्हय' म्हणणार. आणि म्हणाला असता तर तिचाच फायदा होता. तिचे तळहात होते, तिची पाठ होती, पहाटेच्या थंडीत पाचटात ओले होणारे तिचे पाय होते. सगळा विचार करून झाला, तरी तोंडातून जे निघालं ते त्या विचाराला धरून नव्हतं.

"मालक, एक विचारू का?" ती म्हणाली. "आसारामला बी घेताव का परत?"

"त्याचं वेगळं हाय, कमलबाई. वातावरण..."

"मग आमचं बी वेगळंच राहू द्या."

तात्याराव हसले. "नवऱ्याला बोलू दे की."

दोघांचं लक्ष व्यंकटीकडं गेलं. त्यानं गिटार उचलली, मांडीवर नीट घेतली. "वाकडी न्हाई ती, मालक," तो म्हणाला. "तिचं माप तसंच हाय. परवा ऐकाया या."

तात्याराव उठले, पाय लागून कप कलंडला. उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "अ‍ॅम्प्लिफायर माझाच हाय गावात. कशात वाजवशील?"

"बघू," कमलबाई म्हणाली. "चहा सांडला तुमचा."

अ‍ॅम्प्लिफायर मिळाला नाहीच. भीमनगरच्या मंडळाकडं भाषणाचा कर्णा होता, लिंबाच्या झाडाला बांधलेला. रेडिओवाल्यानं गिटारीची वायर त्यालाच जोडून दिली. आवाज गोड आला असं म्हणणं खोटं ठरेल. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तो आला, आणि आला तो थेट बाजारपेठ ओलांडून, तात्यारावांच्या माडीपर्यंत. आसारामनं ढोलकीवर थाप दिली, व्यंकटीनं जाड तार ओढली, बाया पोरांना कडेवर घेऊन पुढं सरकल्या. कमलबाई स्टेजच्या कडेला बसली होती. तिथं येणारी त्यांच्या आळीतली ती एकटीच होती. परतताना कोण कोण दारं लावून घेईल त्याची यादी तिनं मनात केली, आणि गाणं संपेपर्यंत विसरून गेली.

दारं लागलीच. सराईचं एकही बोलावणं आलं नाही. दिवाळी झाली आणि टोळीचा ट्रक पाराजवळ येऊन उभा राहिला. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, पिठाची पोती, शेळ्या, लेकरं चढली. कमलबाईनं गोधडीत गुंडाळलेली गिटार वर दिली. मुकादम मुंजाजी ओरडला, "हे काय लाकूड घेतलंस? माणसायला बसाया जागा न्हाई इथं."

"गिटार हाय."

"ती वाकडी? तात्यारावांच्या माडीवर ऐकू गेलती तीच?"

"तीच."

"उतरव खाली. ऊस तोडायला चाललाव का नाचायला?"

कमलबाईनं चाकावर ठेवलेला पाय काढून घेतला. व्यंकटी आधीच वर चढला होता. त्यानंही खाली उडी मारली आणि तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. ट्रक धूर सोडत होता. मुंजाजीला नवरा-बायकोचा एक कोयता कमी पडला तरी कारखान्यावर जाब द्यावा लागणार होता, आणि हे उभ्या असलेल्या बाईला चांगलंच ठाऊक होतं.

"तिला जागा नसंल, तर आमाला बी न्हाई," ती म्हणाली. "बघा, मुकादम. तुमची घाई हाय, आमची न्हाई."

मुंजाजीनं ड्रायव्हरकडं पाहिलं, ट्रकमधल्या माणसांकडं पाहिलं. कुणी हसेना. मग त्यानं पिठाचं एक पोतं पायानं सरकवलं.

"आडवी ठेवू नको," तो म्हणाला. "वर कुणी बसंल."