बरोब्बर चार वाजता

आधीच सांगतो, माया कुठंच चुकली नाही. चुकलो मी, आणि तेही शहाणपणा करायला जाऊन.

बावीस वर्षं फौजेत सिग्नलला काढली. आता विश्रामबागच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. पोरं मला जोतीरामकाका म्हणतात आणि माझ्या तोंडाला टरकून असतात. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला संयोगिता मॅडमनी अट घातली होती. फाइल रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पुरी झालेली पाहिजे, आणि पेन ड्राइव्ह सोमवारी अकरापर्यंत माझ्याकडं जमा करायचा. उशीर झाला तर शून्य. शून्य म्हणजे वर्ष गेलं, आणि मायाची पुण्यात ठरलेली नोकरीही गेली. जतकडच्या मेंढपाळाच्या घरातली ही पोर, कॉलेज बघणारी घरातली पहिलीच. लय जीव होता माझा तिच्यावर.

सोमवारी तिचा पेन ड्राइव्ह लावला. फाइल तयार झाल्याची वेळ, रविवार रात्री नऊ बारा. मी तिला फैलावर घेतलं. ती म्हणाली, काम पाचच्या आधीच झालं होतं. पण लॅपटॉप तिच्या भावाचा, अमृतचा. तो रात्री ड्यूटीवर परत निघाला, म्हणून नऊ वाजता फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. पोरगी खोटं बोलत नव्हती, एवढी माणसं मला कळतात. जा, चहा पिऊन ये, म्हणालो आणि तिला पाठवून दिलं.

अकराला दहा कमी होते. फाइलवरच्या वेळा बदलता येतात. छोटा प्रोग्रॅम लिहून विंडोजला सांगायचं, ही फाइल आणि हिच्या ह्या वेळा. ते कारण विचारत बसत नाही. दहा ओळींत काम झालं. तयार झाल्याची, शेवटच्या बदलाची, उघडल्याची, तिन्ही वेळा मी एका दमात बदलल्या. रविवार, सोळाशे अवर्स, म्हणजे दुपारचे बरोब्बर चार. फौजेत वेळ अशीच गोल सांगायची सवय. मनाला म्हटलं, खऱ्याचंच काम करतोय, ह्यात पाप कसलं?

बाराला मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. स्क्रीन आमच्याकडं वळवला. आवाज शांत होता, त्याचीच जास्त भीती वाटली.

"तयार झाल्याची आणि शेवटच्या बदलाची, दोन्ही वेळा चार वाजून शून्य मिनिटं, शून्य सेकंद. माया, हे कुणी केलं?"

माया पांढरीफटक पडली. मी सावधान उभा राहिलो.

"मॅडम, मी केलं. तिला ह्यातलं कायबी म्हाईत न्हाई."

मग भावाचा लॅपटॉप, रात्रीचे नऊ बारा, सगळं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, कॉपी केली की तयार झाल्याची वेळ नवी पडते, हे त्यांनाही ठाऊक आहे. शेवटच्या बदलाची वेळ मात्र फाइलबरोबर जशीच्या तशी येते. त्या तेवढीच बघणार होत्या.

"ती किती होती, काका?"

मी बघितलीच नव्हती. नऊ बारा दिसले आणि डोकं फिरलं. लगेच खालच्या ओळीत पोरीचा पुरावा होता, आणि तो मी माझ्या हातानं पुसला होता. अमृतला फोन लावा, म्हणालो. माया खाली बघत म्हणाली, दादाच्या लॅपटॉपवर आपला पसारा नको, म्हणून तिनं रात्रीच तिथली फाइल काढून टाकली होती.

मॅडमनी पेन उचललं, थांबल्या, आणि शून्य लिहिलं. माझं नाव प्राचार्यांकडं जाणार, हेही सांगितलं. जाऊ दे, त्याचं मला काही वाटलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मी मायासमोर हात जोडले. म्हटलं, पोरी, शिव्या घाल मला. तिनं पेन ड्राइव्ह ओढणीच्या टोकात बांधला.

"काका, तुमी मला आदी एकदा इचारायचं हुतं. च्या प्यायला कशाला धाडलं?"