तोकुजींच्या पेशी

मिनेकोने काचेची तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि पडद्यावर तपकिरी षटकोनांची फरसबंदी उमटली. शेजारी बसलेल्या तोकुजींनी मान वाकडी केली. नजरेचा मधला भाग विझल्यापासून ते सगळ्याकडे असे कोंबड्यासारखे तिरके बघत.

"ह्या माझ्या?"

"तुमच्या दंडाच्या कातडीपासून केल्या, बाबा. आधी मूळ पेशी, मग त्यांतून डोळ्याच्या. अगदी कोवळ्या आहेत."

"मग आता?"

"आता म्हाताऱ्या करायच्या. वयानं डोळ्यात जो गाळ साठतो तो ह्यांना पाजायचा. बिघाड कुठून सुरू होतो, ते तेव्हाच कळेल." तिने तबकडी सूक्ष्मदर्शकाखालून काढली. "तुमच्या डोळ्यांना मात्र ह्याचा उपयोग नाही."

"ठाऊक आहे. मला कोबेला यायला निमित्त हवं होतं."

मिनेको हसली. बेटावरून येताना त्यांनी स्वतः सोयासॉस-साखरेत आटवलेली बारीक इकानागो मासळी आणली होती, खारट झालेली. आईला ती बरोबर जमायची.

तिने तबकडी काचपेटीत ठेवली, नळीत तो गाळ मिसळलेला द्राव ओढला. हात तिथेच राहिला. रोज करायचे काम, पण आज जमेना.

"थांबलीस का गं?"

"तुमच्या आहेत म्हणून."

"माझ्या कसल्या!" तोकुजी म्हणाले. "मी फेरीबोट धक्क्याला आणायचो तेव्हा सायो उन्हात छत्री गरगर फिरवत उभी असायची. लोक हसायचे. मी ओरडायचो, लाज आणतेस म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी लांबूनच छत्री शोधायचो. ते ज्यांनी पाहिलं, त्या माझ्या. झिजल्या तर झिजल्या. ह्या पोरींनी काय पाहिलंय? घाल."

आईच्या छत्रीबद्दल मिनेकोला कधी कोणी सांगितले नव्हते. ती शाळेत असतानाच आई गेली, आणि त्यानंतर घरात तिचे नाव निघाले की बाबा उठून जाळी दुरुस्त करायला जात.

तिने द्रावाचे थेंब सोडले. तबकडीत काहीच बदलले नाही. इतक्यात बदलणारही नव्हते. हातमोजे काढून ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तिथं नको, पुसली जातेस. अशी डावीकडे ये."

ती डावीकडे सरकली. तोकुजी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिले, बराच वेळ.

"मिनेको, तुझे केस पांढरे झाले की."

"झाले, बाबा."

"कसे दिसतात ते बघत होतो," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "तिचे व्हायचेच राहिले."