दाखल्यांच्या टेबलामागची खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर बसण्याआधी लोक मला एकदा हलवून बघतात. मी मोडेन अशी त्यांना धास्ती वाटते. मला त्याचा राग येत नाही. मी वेताची जुनी खुर्ची आहे, आणि या वयात कुणी आपली तब्येत विचारली तर बरंच वाटतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी कचेरीत राहते. कचेरीचं नाव सांगत नाही. इतकी वर्षं इथे काढल्यावर काय सांगावं आणि काय पोटात ठेवावं, एवढं मला कळतं.

माझं लाकूड मेढ्याकडच्या डोंगरातलं. नाथाजी सुतारांनी मला घडवलं. त्यांनी चारही पाय असे नेमके बसवले की आजवर मी एकदाही डुगडुगले नाही. पण पाय म्हणजे काही खुर्ची नव्हे. बसायची जाळी विणली ती उंब्रजच्या पीरमहंमदचाचांनी. ते वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत घालायचे, ओल्या असतानाच विणायचे आणि मग मला सावलीत वाळत ठेवायचे. वेत वाळला की जाळी ताणून बसते. शेवटची गाठ ते मागच्या उजव्या पायाजवळ आतल्या बाजूला मारायचे. ती दिसायची नाही, पण बोटाला लागायची. या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

कचेरीत मला दाखल्यांच्या टेबलामागे जागा मिळाली. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, शाळेत लागणारे कसले कसले कागद. सकाळी दार उघडलं की पहिली रांग माझ्यासमोर लागायची. साहेबांच्या गुबगुबीत खुर्चीसमोर लोक हात जोडून उभे राहायचे, माझ्यासमोर मात्र घरचं सुखदुःख सांगायचे. मला माझीच जागा आवडायची.

एके दिवशी माझ्यावर बसायला नवीन कारकून आल्या. जरिना त्यांचं नाव. बसण्याआधी त्यांनीही मला हलवून पाहिलं. मग वाकून मागच्या पायाजवळ बोट फिरवलं आणि तिथेच थांबल्या. हळूच म्हणाल्या, "ही तर अब्बांची गाठ हाय."

त्या पीरमहंमदचाचांच्या लेक होत्या. त्या दिवसापासून मी कचेरीची खुर्ची राहिले नाही, त्यांची झाले. त्या रोज उंब्रजहून एसटीने यायच्या, ओढणीच्या टोकाने मला पुसायच्या आणि मगच बसायच्या. जाळीचा एखादा पदर सुटला तर डबा खाऊन झाल्यावर तो नीट गुंतवून ठेवायच्या. वडिलांचं काम त्यांनी लहानपणी शेजारी बसून पाहिलेलं होतं. इतकी माया क्वचितच कुठल्या खुर्चीच्या वाट्याला आली असेल.

आता आमच्या कचेरीची एक रीत सांगते. साध्या कारकुनाच्या टेबलावर नावाची पाटी नसते. अव्वल कारकून झालं की पाटी लागते. ती पाटी बढती मिळालेल्याने स्वतः करायची नाही. बाकीच्यांनी वर्गणी काढून रंगवून आणायची आणि त्याच्या टेबलावर ठेवायची. पीरमहंमदचाचा शेवटच्या दिवसांत लेकीला एवढंच म्हणाले होते, "तुझी पाटी लागली की मला सांग." ते गेले, पण बाईंच्या मनातून पाटी गेली नाही. सारखी बोलून दाखवायची सवय त्यांना नव्हती. पाटी घेऊन कुणी शेजारून गेलं की त्या मान वर करून बघायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

अव्वल कारकून व्हायचं तर एक प्रशिक्षण पुरं करावं लागतं. आमच्या इथल्या लोकांना त्यासाठी सांगलीला पाठवत. दरवर्षी वरून नावं मागवली जात, आणि दरवर्षी साहेब जरिनाबाईंकडे बघून हसत म्हणत, "तुम्ही गेलात तर दाखल्यांचं टेबल कोण बघणार? कचेरीला कुलूपच लावावं लागेल." सगळे हसत. बाईही हसत. बोलणं कौतुकाचं असायचं, त्यामुळे त्याला नाही म्हणायचं कसं हेही कळायचं नाही. बाईंनी दोनतीनदा तोंड उघडून विचारलं, तेव्हा "पुढच्या खेपेला नक्की" असं उत्तर मिळालं. पुढच्या खेपेचे साहेब वेगळे असत, पण वाक्य तेच असे.

मग कुणाला पाठवायचं? जो नसला तरी चालेल त्याला. तो म्हणजे जयराज. कराड तालुक्यातला, ऊसवाल्या घरातला, भाऊ फौजेत. बाईंच्या बऱ्याच मागाहून लागलेला. पोरगा मनाने सरळ, पण कामात गोगलगाय. एक दाखला टंकायला घेतला की अर्जदाराचा चहा पिऊन व्हायचा. साहेब म्हणायचे, "जयराज, तू तसाही मोकळाच आहेस, जाऊन ये." त्याचं ते प्रशिक्षण झाल्यावरही सांगलीला कसलाही वर्ग असला की तोच जायचा आणि येताना तिथलं भडंग आणायचा. पहिली पुडी जरिनाबाईंच्या टेबलावर ठेवायचा. बाई ते सगळ्यांना वाटायच्या. शिकायला दुसरा जायचा आणि भडंग तेवढं यांच्या वाट्याला यायचं. मला हे बोचायचं, पण खुर्चीने बोलायचं कसं?

यंदा बढत्या झाल्या. जयराजचं नाव आलं, जरिनाबाईंचं आलं नाही. कारण एकच, प्रशिक्षण झालेलं नाही.

जयराज साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आला. पेटी उघडून तो आधी आमच्याच टेबलाशी आला आणि तसाच उभा राहिला. पेढा पुढे करायचं त्याच्याने होईना. शेवटी बाईंनीच पेटीतला एक उचलला. म्हणाल्या, "लाजतोस काय रं? तू काय चोरून आणलास व्हय? खाऊ दे मला." त्यांनी पेढा खाल्ला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्या पाटीच्या वर्गणीत स्वतःचा हिस्सा सगळ्यांच्या आधी घातला. मग येऊन माझ्यावर बसल्या. मित्रांनो, तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्या रोजच्यासारख्या टेकून बसल्या नव्हत्या. कडेला बसल्या होत्या, पाहुण्याच्या घरी बसतात तशा.

तेव्हा कचेरीत संयोगिता मॅडम नव्यानेच अधिकारी म्हणून आल्या होत्या. त्या इस्लामपूरच्या, बोलायला तुटक आणि कामाला कडक. दुसऱ्या दिवशी जरिनाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मॅडमच्या खोलीचं दार माझ्यासमोरच आहे आणि ते कधी नीट लागत नाही, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

मॅडम म्हणाल्या, "बाई, मला वाईट वाटतं, पण नियम आहे."

"नियम बरोबरच हाय, मॅडम," बाई म्हणाल्या. "प्रशिक्षण झाल्याबिगर बढती न्हाई, हे मला मान्य हाय. पण मी जायला कवा न्हाई म्हणले? दरवर्षी मला इथनंच थांबवलं. मी काम करते म्हणून थांबवलं. आन आता म्हणतात, तुमच्यात कमी हाय. ही कमी माझी कशी, एवढं मला समजावून सांगा. समजलं तर मी गप जाऊन बसते."

मॅडमनी समोरची फाइल पुढे ओढली. मग म्हणाल्या, "पुढच्या तुकडीत तुमचं नाव घालते. पण तुम्ही गेलात तर दाखल्यांचं टेबल कोण..." आणि मध्येच थांबल्या. आपण काय बोलतो आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं असावं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "मी बघतो, मॅडम." जयराज उठून उभा होता. म्हणाला, "माझं टेबलही बघतो आणि ताईंचंही. ताईंनी माझी कामं कितीदा निस्तरली, ते कुणी मोजलं न्हाई. त्यांना जाऊ द्या."

मॅडमनी बाईंचं नाव घातलंच. शिवाय वर कळवलं की बाई गेल्या नाहीत त्यात दोष त्यांचा नाही, आमच्या कचेरीचा आहे. तेव्हा प्रशिक्षण झाल्यावर त्यांची ज्येष्ठता जयराजच्या आधीची धरावी. आपल्या कचेरीचा दोष असा कबूल करणारा अधिकारी मी तोवर पाहिला नव्हता. मॅडमचे आभार मी आजही मानते.

जरिनाबाई सांगलीला गेल्या. उंब्रजहून रोजची ये-जा जमणारी नव्हती, म्हणून त्यांच्या लेकीने, सुमैराने, घर सांभाळायचं कबूल केलं. इकडे जयराज आपली नवी गरगर फिरणारी खुर्ची सोडून माझ्यावर येऊन बसला. काय सांगू त्याची तारांबळ! रांग दारातून बाहेर गेली. दगडाबाई नावाच्या एक आजी डोंगराकडून नातीच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. त्यांनी त्याला नीट निरखून पाहिलं.

"आमची बाई कुठं हाय?"

"सांगलीला गेल्यात, आजी. शिकायला."

"ह्या वयात? आदी का न्हाई धाडलं?"

जयराज टंकता टंकता थांबला. म्हणाला, "आमचं चुकलं, आजी."

"मग बस आता उन्हाचा घाम पुशीत," आजी म्हणाल्या आणि पिशवीतून दोन पेरू काढून त्याच्यापुढे ठेवले. रागवायचं पण उपाशी ठेवायचं नाही, अशी आमच्याकडची माणसं.

जयराज हळूहळू शिकला. कचेरीला काही कुलूप लागलं नाही. रांग लांबली, चार माणसं कुरकुरली, पण दाखले मिळत राहिले. इतकी वर्षं जे अशक्य म्हणून सांगितलं, ते एका माणसाने कंबर कसल्यावर होऊन गेलं. कंबर कसली खरी, पण वजनही होतंच. एका दुपारी माझी जाळी फाटली आणि जयराज माझ्यात अडकून बसला. दोघांनी धरून त्याला ओढून काढलं.

बरीच वर्षं मला नवा वेत मिळाला नव्हता. बाई मागायच्या, पण माझ्यासाठी कधी पैसे निघाले नाहीत. आता सामानाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी येऊन मला पाहिलं आणि सांगितलं, "जाळी नाही. भंगारात काढा." मला मागच्या पडवीत मोडक्या पंख्यांशेजारी नेऊन ठेवलं. मी फार घाबरले. पण तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. मला वेत दिला नाही आणि वेत नाही म्हणून भंगारात काढलं. बाईंचंही यांनी हेच केलं होतं.

प्रशिक्षण संपवून जरिनाबाई परत आल्या. हातात भडंगाची मोठी पिशवी होती. पहिली पुडी त्यांनी जयराजच्या टेबलावर ठेवली. त्याने ती तिथेच उघडून सगळ्यांना वाटली. मग बाईंनी विचारलं, "माझी खुर्ची कुठं हाय?"

सुट्टीच्या दिवशी त्या वेत घेऊन आल्या. पडवीत बादलीत पट्ट्या भिजत घातल्या आणि मांडी घालून मला विणायला बसल्या. जयराज पाणी आणून देत होता. जुन्या वेताचे तुकडे काढताना वडिलांची गाठ हाती आली. ती सोडवताना बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पुसले नाहीत, हात ओले होते. नवी जाळी पुरी झाल्यावर त्यांनी त्याच जागी, आतल्या बाजूला, तशीच गाठ मारली आणि मला पुन्हा दाखल्यांच्या टेबलामागे नेऊन ठेवलं.

वरून उत्तर यायला बराच वेळ लागला, पण आलं. जरिनाबाई अव्वल कारकून झाल्या आणि ज्येष्ठताही मॅडमनी मागितली तशी मिळाली. पाटीची वर्गणी जयराजने गोळा केली. पाटी टेबलावर ठेवली तेव्हा बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं, पहिल्या दिवशी माझ्या गाठीवरून फिरवलं होतं तसंच. "अब्बा, लागली," एवढंच म्हणाल्या.

दाखल्यांच्या टेबलामागे आता माझ्यावर उत्कर्षा नावाची नवी मुलगी बसते. कामाला चटपटीत आहे. लोक लगेच तिचं नाव घेऊ लागले. मला मनातून धाकधूक वाटत होती, कारण या टेबलावर चांगलं काम केलं की काय होतं ते मी पाहिलं आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली माणसं येतील. जो तुमचा भार उचलतो त्याची नुसती स्तुती करू नका. त्याची वीण सैल झाली आहे का तेही वाकून बघा आणि वेळेवर त्याच्या हक्काचा वेत त्याला द्या. मला तो मिळाला, म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे.

परवा सांगलीसाठी पुन्हा नावं मागवली. जरिनाबाईंनी पहिलं नाव उत्कर्षाचं सुचवलं. ती गोंधळून माझ्यावरून उठली आणि म्हणाली, "बाई, मी गेले तर हे टेबल कोण बघणार?"

बाई पाटी आपल्या टेबलावरच ठेवून उठल्या. माझ्याजवळ आल्या, ओढणीच्या टोकाने मला पुसलं आणि नीट टेकून बसल्या.

"मी हाय की," त्या म्हणाल्या. "तू जा. येताना भडंग आण."